कुमुदचे केस, दीडशे डिग्रीवर

मी आयुष्यात एकदाच मिशी भाजून घेतली, आणि तीही सरकारी कामासाठी. लोकांना हे खरं वाटत नाही. सरकारी कामासाठी माणसं चपला झिजवतात, रजा घालवतात, फार तर रक्तदाब वाढवून घेतात. मिशी कोणी देत नाही. मी दिली. चांगली अठ्ठावीस वर्षांची होती, नोकरीच्या पहिल्या महिन्यात ठेवलेली.

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गावात लोक एकमेकांना सोनं देत होते आणि ऑफिसात आम्हाला ऑर्डरी देत होते. कपाटं, खुर्च्या, टाइपरायटर आणि कारकून अशा सगळ्या मालाची चार ढिगांत वाटणी चालली होती. मी आसिफाबादच्या ढिगात गेलो. माझं टेबल मात्र आदिलाबादलाच राहिलं, याचं मला विशेष वाईट वाटलं. आमच्या खात्याचं नाव मी सांगत नाही. पेन्शन अजून व्हायची आहे.

शेजारचे अमृतराव महसुलातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कसलंच नवल वाटत नाही. ते म्हणाले, "चिंतामणराव, आमचा बाप याच घरात निजामाच्या राज्यात जन्मला. मंग हिंदुस्थानात आला, मंग आंध्रात गेला. मी तेलंगणात आलो. घर कुठं हललं काय? तुमी काऊन घाबरून राह्यले?"

मी घाबरलो होतो ते कुमुदसाठी. कुमुदिनी म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने सलाइनमधून औषधं झाली. आता नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा दर महिन्याला दाखवायला सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. मी आसिफाबादला गेलो असतो तर तिला ताप आलेल्या दिवशी पाण्याचा पेला कोण देणार, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हता.

एक रकाना मात्र निघाला. नवराबायकोपैकी कोणी गंभीर आजारी असेल तर आहे तिथेच राहण्याची विनंती करता येईल. आजारी व्यक्तीला हेल्थ कार्डासह समितीपुढे प्रत्यक्ष हजर करावं. त्याआधी कागदांची छाननी होती, आणि छाननीच्या टेबलावर बाबाराव बसला होता. हा बाबाराव माझ्या हाताखाली तयार झालेला. फाइलीला पान नंबर कुठल्या कोपऱ्यात टाकायचा हेदेखील त्याला मीच शिकवलं होतं. तो उठून उभा राहिला, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि मग कार्डावरचा फोटो आणि कुमुद आळीपाळीने पाहायला लागला.

फोटोत कुमुद गोल चेहऱ्याची होती आणि मधोमध भांग पाडून सरळ, चोपून बसवलेले केस मागे घट्ट वेणीत गेले होते. समोर बसलेली कुमुद वाळलेली होती आणि डोक्यावरच्या पदराखालून कुरळ्या केसांचं जंगल बाहेर येत होतं. ही त्या औषधांची करामत. कमरेपर्यंतचे केस गेले, वर्षभराने परत आले, पण येताना स्वभाव बदलून आले. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधी कधी.

"सर," बाबाराव हळूच म्हणाला, "वैनी वळखू येऊन नाई राह्यल्या."

"अरे, तू आमच्या घरी जेवला आहेस. हिच्या हातची पुरणपोळी खाल्ली आहेस."

"मी वळखतो ना सर. कागद नाई वळखत. तुमीच सांगतलं व्हतं, फोटो जुळल्याबिगर कागद पुढं ढकलायचा नाई."

हे मी खरोखरच सांगितलं होतं. वर टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं.

नवा फोटो लावायचा तर अर्ज जुन्या जिल्ह्याकडे करायचा होता, आणि जुना जिल्हा दसऱ्याला संपला होता. नव्या जिल्ह्याच्या कॉम्प्युटरला अजून पासवर्ड आला नव्हता. तो यायला दोन महिने लागतील असं सगळे म्हणत होते, म्हणजे चार लागणार होते. समितीची तारीख आठ दिवसांवर होती.

संध्याकाळी अमृतरावांच्या ओट्यावर बैठक बसली. अमृतरावांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि फैसला दिला. "फोटो माणसासारखा कराले दोन महिने लागतात ना? मंग माणूस फोटोसारखा करा. केस सरळ करायची मशीन भेटते बाजारात."

कुमुद तिथेच बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली. "खरंच होतात का हो सरळ?" तिने विचारलं. एवढ्या आवाजात ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. मला वाटलं, तिलाही बदलीची काळजी असणार.

आता खरेदी म्हटली की मला एकच पद्धत माहीत. मी कोरी फाइल घेतली, तिच्यावर 'केस सरळ करण्याचे यंत्र खरेदीबाबत' असा विषय लिहिला आणि तीन दुकानांची कोटेशनं आणायला निघालो. अमृतरावांच्या मथुराबाईंनी हे पाहून कपाळावर हात मारला. पण मी आजवर तीन कोटेशनांशिवाय ऑफिसची केरसुणीही घेतलेली नाही.

पहिल्या दुकानदाराने काचेच्या टेबलावर सहा यंत्रं मांडली आणि विचारलं, "बाल कैसे हैं साब? पतले हैं, मोटे हैं? सूखे हैं कि तेलवाले? कलर मारे क्या?"

मी म्हणालो, "काले हैं."

त्याने सहाही यंत्रं परत डब्यांत घातली. "काले तो सबके रहते साब," तो म्हणाला. "कुछ के पतले रहते, जल जाते. टाइप मालूम करके आव."

मी फाइल काखेत मारून परत आलो. वाटेत मला हे लागलं. सत्तावीस वर्षांचा संसार. ऑफिसातल्या कुठल्या कपाटात कुठल्या सालची फाइल आहे हे मी झोपेत सांगेन, आणि बायकोचे केस जाड की पातळ हे मला सांगता आलं नाही.

घरी येऊन मी चष्मा लावला आणि कुमुदला म्हणालो, "जरा खाली बस, तपासणी आहे." ती बसली. मी एक बट चिमटीत धरली तशी ती दचकली आणि मान आखडून घेतली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे केस उगवल्यापासून मी त्यांना कधी हात लावला नव्हता. ते लहान मुलाच्या जावळासारखे लागत होते.

"कसे आहेत?" तिने विचारलं.

"मऊ आहेत," मी म्हणालो आणि फाइलीत तशी नोंद केली.

"माझे नाईत ते," ती म्हणाली. "आरशापुढं उभी राह्यली की वाटते, कोणी दुसरीच बाई येऊन उभी हाये. आन बायका म्हणतात, किती छान कुरळे आले."

मी चष्मा पुसला.

पुढचे दोन दिवस गल्लीने आमचं घर ताब्यात घेतलं. मथुराबाईंचं मत असं, की यंत्रबिंत्र कशाला, मेथीदाणे आणि खोबऱ्याचं दूध वाटून लावलं की घोड्याच्या शेपटीसारखे केस होतात. ते लावलं. केस सरळ झाले नाहीत, पण कुमुदभोवती मुंग्या जमल्या आणि डोकं तीनदा धुवावं लागलं. अमृतरावांनी स्वतःच्या धोतराची इस्त्री आणून दिली आणि वर्तमानपत्राच्या घडीत केस ठेवून वरून इस्त्री फिरवावी असं सुचवलं. निजामाच्या वेळच्या एका तहसीलदाराच्या बेगमसाहेबा असंच करत, असा दाखलाही दिला. मी इस्त्री परत पाठवली. भीमपूरहून माझे साडू यशवंतराव कापूस घेऊन यार्डात आले होते, ते डोकावून गेले. त्यांनी बोलून काही मत दिलं नाही. फक्त कुमुदकडे पाहिलं आणि जाताना मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "लय वाळली ना हो." मी म्हणालो, "उन्हाळ्यापासून तशीच आहे." हे खोटं होतं, ती महिन्यागणिक वाळत चालली होती.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पार्लर चालवणारी पद्मिनी आली. तिला खरी माहिती होती. तिने कुमुदचा एक केस दोन बोटांत ओढून पाहिला, पाण्याच्या पेल्यात टाकून पाहिला आणि म्हणाली, "काका, काकूंचे केस लय बारीक हायेत, कोरडे हायेत, आन औषधानं नाजूक झालेत. गरमी कमीजास्त करता येईल अशीच मशीन आणा. सिरॅमिकची पट्टी, अरुंद. दीडशेच्या वर न्यायचं नाई. जाड केसांची दोनशे-तीसवाली आणाल तं हातात येतील केस."

मी हे शब्दशः फाइलीत उतरवून घेतलं, खाली पद्मिनीची सही घेतली आणि तुलनात्मक तक्ता तयार केला. तक्ता सुंदर झाला. तक्त्याप्रमाणे पसंत ठरलेलं यंत्र मात्र दुकानात संपलं होतं. दुकानदाराने त्याऐवजी दुसरं दिलं. "सेम टू सेम साब, बटन एकही हैं, टेन्शन नहीं." मला फसवणं सोपं नाही. पण त्या दिवशी समितीला चारच दिवस उरले होते आणि मी घाईत होतो.

घरी आल्यावर मात्र मी सावध झालो. कुमुदच्या केसांवर एकदम प्रयोग नको, आधी दुसरीकडे चाचणी घ्यावी असं मी ठरवलं. माझ्या डोक्यावर चाचणीपुरतेही केस नाहीत. मिशी होती. बारीक म्हणता येईल अशीच होती. मी आरशापुढे उभा राहिलो, यंत्राचा दिवा हिरवा झाल्यावर मिशीचं उजवं टोक चिमट्यात धरलं आणि पद्मिनीने सांगितल्याप्रमाणे मनात पाच आकडे मोजायला लागलो. दोनवर धूर आला. तीनवर वास आला. चारवर मी ओरडलो. कुमुद धावत आली, तिने बटण बंद केलं, माझ्या ओठावर गार पाणी लावलं आणि मग भिंतीला टेकून हसत सुटली. हसता हसता तिला खोकला आला, तरी ती हसत होती. ओठाची आग होत असतानाही मला फार बरं वाटलं. डावी बाजू एकटी ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती मी स्वतःच काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला चार जणांनी घरात कोण गेलं असं विचारलं.

यंत्र बदलून मिळालं ते समितीच्या आदल्या दिवशी. आकड्यांची चकती असलेलं, सिरॅमिकच्या अरुंद पट्ट्यांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पद्मिनी आली. तिने काट्यावर दीडशे लावलं आणि एकेक बारीक बट घेऊन केस वरून खाली ओढत गेली. मी घड्याळ आणि कार्ड हातात घेऊन उभा होतो, आणि दर पाच मिनिटांनी फोटोशी पडताळणी करत होतो. दीड तासाने पद्मिनीने मधोमध भांग पाडला, केस मागे चोपून क्लिप लावली आणि कुमुदच्या हातात आरसा दिला.

कुमुदने आरसा पाहिला. एकदा भांगावरून हात फिरवला. मग उठून आत गेली, पेटीतली मोरपंखी साडी काढून नेसली आणि मथुराबाईंच्या अंगणातली शेवंती मागून केसांत माळली. रिक्षात बसताना दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर पदर नव्हता. वाटेत ओळखीची एक बाई दिसली तेव्हा तिने रिक्षा थांबवायला लावली आणि आपणहून हाक मारली. मी मनात म्हणालो, फोटो जुळतो आहे, काम होतंय.

बाबारावने कार्ड पाहिलं, कुमुदकडे पाहिलं आणि बरोबरची खूण केली. मग माझं ओळखपत्र पाहिलं, माझ्या ओठाकडे पाहिलं आणि तो कावराबावरा झाला. "सर, मिशी?"

"भाजली."

"लेखी द्या ना मंग, सर."

मी लेखी दिलं. 'अर्जदाराची मिशी घरगुती कारणाने जळाली असून अर्जदार तोच आहे.' खाली दिनांक टाकून सही केली. त्या सहीइतका अपमान मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या सहीत वाटला नाही. पण एकदाचे आम्ही आत गेलो.

समितीत एक मॅडम होत्या आणि एक डॉक्टर. मॅडम तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलल्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या. सकाळपासून त्यांनी डायलिसिसवाले पाहिले होते, एका तरुणाला स्ट्रेचरवर आणलेलं पाहिलं होतं. त्यांनी कुमुदकडे पाहिलं. मोरपंखी साडी, शेवंती, चमकणारा भांग आणि दोन वर्षांनी सरळ ठेवलेली मान.

"पेशंट किधर हैं?" त्यांनी विचारलं.

मी कुमुदकडे बोट केलं.

"ये तो मेरे से फिट दिख रहे," मॅडम हसून म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं. कुमुद लाजली. मॅडमनी कागद चाळले. "रिपोर्ट पुराने हैं. हमको अभी की हालत लिखना पड़ता. मैं नॉर्मल लिख रही हूँ."

पेन कागदावर टेकलं तसा मी घाबरलो. मला आसिफाबादची खोली दिसली आणि इथे घरात एकटी पडलेली कुमुद दिसली. मी काय बोलतो आहे याचा विचार न करता बोललो.

"मॅडम, ये बाल झूठे हैं."

कुमुद माझ्याकडे पाहायला लागली.

"विग है?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं साब. मशीन से सीधे किए. फोटो के वास्ते. पानी लगाए तो असली दिखते. एक मिनट दीजिए."

मॅडम "रहने दीजिए" म्हणाल्या असं मला अंधुक आठवतं. पण मी कुमुदचा हात धरून तिला बाहेर आणलं. व्हरांड्याच्या टोकाला हात धुवायचा नळ होता. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं आपापले कागद धरून बसली होती.

"कुमुद, डोकं ओलं कर," मी म्हणालो. "ते नॉर्मल लिहून राहिले."

मग तिने शेवंती काढून माझ्या हातात दिली, क्लिप काढून तीही दिली, आणि वाकून नळाखाली डोकं घातलं. मीच नळ सोडला. पाणी गार होतं. ती उठली तेव्हा केस आक्रसून डोक्याला चिकटले होते, मध्ये मध्ये पांढरी कातडी दिसत होती, पाणी मानेवरून मोरपंखी साडीत उतरत होतं आणि तिचे दात वाजत होते. आता ती आजारी दिसत होती यात कोणालाही शंका आली नसती. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

मॅडमनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्यांनी लिहिलेलं खोडलं, 'विनंती मान्य' असं लिहिलं, आणि आपली शाल काढून कुमुदच्या खांद्यावर घातली. बाबाराव दाराशी उभा राहून रडत होता. कार्ड आता पुन्हा जुळत नव्हतं, पण तो विषय त्याने काढला नाही.

रिक्षात मी म्हणालो, "झालं काम. मी इथंच राहणार." तिने शाल घट्ट ओढून घेतली. मी म्हणालो, "उद्या पुन्हा करू सरळ. मशीन आपलंच आहे."

घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "तुमी हापिसासाठी केले व्हते सरळ. मी उगीच माझ्यासाठी समजून बसले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मी आदिलाबादला राहिलो. माझं टेबलही मला परत मिळालं. यंत्र डब्यात घालून तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. मी दर रविवारी विचारायचो आणि ती दर रविवारी "राहू द्या" म्हणायची. यात माझी चूक काय झाली हे मला तोवर पुरतं कळलं होतं, पण कळून उपयोग काय. तिच्या आनंदाची ती एकच सकाळ होती आणि ती मी पुरावा म्हणून वापरली.

फेब्रुवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी काय ते सांगितलं. पुन्हा सलाइन सुरू झालं. पंधरा दिवसांनी उशीवर केस दिसायला लागले. त्या रविवारी जेवणं झाल्यावर ती स्वतःच स्टुलावर चढून डबा घेऊन आली आणि माझ्यापुढे पाटावर पाठ करून बसली.

"पद्मिनीला बोलावू?" मी विचारलं.

"नको. तुमीच करा. आता कोणाले दाखवायचं नाई."

मी काटा दीडशेवर लावला. दोनदा पाहिला. एकेक बारीक बट घेऊन वरून खाली ओढत गेलो. माझे हात कागदावर चालणारे, त्यांना हे काम येत नव्हतं, आणि कितीही हलक्या हाताने धरलं तरी बट पट्टीबरोबर सुटून माझ्या बोटांत यायची. सुटलेले केस मी तिला दिसू न देता सदऱ्याच्या खिशात घालत गेलो. खिसा भरल्यावर दुसऱ्या खिशात घातले. तिने सगळा वेळ डोळे मिटले होते.

"झाले का सरळ?" तिने विचारलं.

"झाले."

"पह्यल्यासारखे?"

अठ्ठावीस वर्षांत मी पडताळल्याशिवाय कशाखाली सही केली नव्हती.

"अगदी पहिल्यासारखे," मी म्हणालो.

आरसा खिडकीतच होता. तो तिने मागितला नाही. "मंग दोन-चार दिस पाणी नाई लावत मी त्याइले," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याला पाठ टेकून तशीच बसून राहिली.